१८१०ची घरपट्टी आणि बनारसचे लोहार-जुलाहे

मागच्या वर्षी इतिहासाचे सर रजेवर होते, तेव्हा आठवीचे काही तास माझ्याकडे आले. मी मूळची भाषेची शिक्षिका. उर्दू शाळेत मराठी शिकवते, गरज पडली तर उर्दूही. धडा होता सविनय कायदेभंगाचा. दांडी, मिठाचा कर, वडाळा, शिरोडा, धारासना, सोलापूर अशी नावं मी फळ्यावर लिहीत गेले. सोलापूरच्या चार हुतात्म्यांत कुर्बान हुसेन यांचं नाव आलं, तेव्हा वर्ग जरा सावरून बसला. धारासनाच्या मोर्चाच्या पुढे इमामसाहेब अब्दुल कादिर बावझीर होते, अब्बास तय्यबजी शहात्तराव्या वर्षी तुरुंगात गेले, हेही मी सांगितलं. तास संपता संपता मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "आपा, गांधीजींच्या आधी लोक कर मुकाट्यानं भरायचे का?"

मी म्हटलं, "नाही गं, तेव्हाही उठाव व्हायचे." तिनं लगेच पुढचा प्रश्न टाकला, "उठाव नाही आपा. असं न मारता, बसून?"

घंटा वाजली आणि मी सुटले. पण प्रश्न सुटला नव्हता. त्याचं उत्तर शोधताना मला जे सापडलं ते त्या वर्गाला मी नंतर सांगितलं. आज ते तुमच्यापुढे ठेवते. ही गोष्ट बनारसची आहे, १८१० सालची, आणि कर आहे आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा : घरपट्टी.

ही हकीगत मला धर्मपाल यांच्या पुस्तकातून मिळाली. धर्मपाल (१९२२-२००६) हे गांधीविचारांचे अभ्यासक. जन्म उत्तर प्रदेशातला, पण आयुष्याची अखेरची वर्षं त्यांनी आपल्या वर्ध्याजवळच्या सेवाग्राम आश्रमात काढली आणि तिथेच त्यांचं निधन झालं. लंडनच्या दप्तरखान्यात बसून त्यांनी ईस्ट इंडिया कंपनीच्या अधिकाऱ्यांची जुनी पत्रं हातानं उतरवून काढली. त्यातला बनारसचा पत्रव्यवहार १९७१ साली पुस्तकरूपानं आला. त्याला जयप्रकाश नारायण यांची प्रस्तावना आहे. धर्मपाल यांचं म्हणणं थोडक्यात असं की, असहकार ही गांधीजींनी परदेशी पुस्तकांतून आणलेली वस्तू नव्हती. या देशातल्या साध्या माणसांना ती आधीपासून माहीत होती. खुद्द गांधीजींनी 'हिंद स्वराज्य'मध्ये एका छोट्या संस्थानातल्या रयतेची गोष्ट सांगितली आहे. राजाचा हुकूम पटला नाही म्हणून ती रयत गाव सोडून निघाली आणि राजाला माघार घ्यावी लागली.

आता बनारसकडे वळू.

१७७५मध्ये बनारस अवधच्या नवाबाकडून कंपनीकडे आलं. १७९५मध्ये तिथे कायमधारा लागू झाला, म्हणजे जमिनीचा सारा कायमचा ठरून गेला. शेतीतून सरकारला जास्त काही काढता येईना. खर्च मात्र वाढत होता. मग नजर शहरांकडे गेली. कलकत्त्यात घरांवर कर होताच. गव्हर्नर-जनरल लॉर्ड मिंटो यांच्या काळात, ऑक्टोबर १८१०मध्ये, त्या वर्षाचा पंधरावा कायदा मंजूर झाला. बनारस, पाटणा, ढाका, मुर्शिदाबाद अशा शहरांतल्या घरांवर तो कर बसणार होता. राहत्या घराला वार्षिक भाड्याच्या शेकडा ५ आणि दुकानाला शेकडा १०. घर भाड्यानं दिलेलं नसेल, मालक स्वतःच राहत असेल, तर शेजारपाजारच्या घरांवरून अंदाजे भाडं धरायचं आणि त्यावर कर लावायचा.

कागदावर हा कर फार मोठा दिसत नाही. वर्षाला २० रुपये भाड्याचं घर असेल तर एक रुपया. कलेक्टरलाही तसंच वाटलं असणार. पण जरा त्या घराच्या आत डोकावून पाहा. बनारसच्या विणकराचं घर म्हणजे काय? खोलीत जमिनीत खोदलेला खड्डा, खड्ड्यात पाय सोडून बसलेला माणूस, समोर करघा, बाजूला कांड्या भरणारी बायको आणि मुलं. तिथेच चूल, तिथेच झोपणं. मग हे घर म्हणायचं की दुकान? शेकडा ५ की शेकडा १०? लोहाराची भट्टी घराच्या ओसरीला असते, शिंपी दारातच बसून शिवतो. हा प्रश्न त्यांच्यापुढेही येणारच. विणकराच्या घरात मी वाढले आहे, त्यामुळे मला तो प्रश्न आधी सुचला. ज्याचं घर हेच कमाईचं साधन, त्याच्या घराची मोजदाद करायला सरकारी माणूस दारात उभा राहतो, तेव्हा तो फक्त भिंती मोजत नाही.

डिसेंबर १८१०मध्ये घरांची आकारणी करणारी माणसं बनारसच्या गल्लीबोळांत फिरू लागली आणि शहर थांबलं.

काय झालं ते आपल्याला कळतं ते सरकारच्याच माणसांच्या पत्रांतून. मॅजिस्ट्रेटचं काम पाहत होते डब्ल्यू. डब्ल्यू. बर्ड आणि कलेक्टर होते डब्ल्यू. ओ. सॅल्मन. २५ डिसेंबरच्या सुमारास बर्ड वरिष्ठांना कळवतात की लोकांनी दुकानं बंद केली आहेत, धंदे सोडले आहेत आणि मोठ्या संख्येनं जमून ते आकारणी थांबवण्याची मागणी करत आहेत. पुढच्या काही दिवसांत कलेक्टरच्या पत्रात आकडा येतो : वीस हजारांहून जास्त माणसं धरणं धरून बसली आहेत आणि कर रद्द झाल्याशिवाय उठणार नाही म्हणतात.

वीस हजार, आणि दोनशेहून जास्त वर्षांपूर्वी. तेव्हा ना छापील पत्रक, ना रेल्वे, ना तार. मग एवढी माणसं जमली कशी?

इथे मला त्या पत्रांतला सगळ्यात मोलाचा भाग सापडला. कलेक्टर वैतागून धंद्यांची नावं लिहून काढतात : लोहार, मिस्त्री, जुलाहे, हज्जाम, दर्जी, कहार आणि हरतऱ्हेचे कारागीर. साहेबांनी ती यादी तक्रार म्हणून लिहिली. आज ती हजेरीपटासारखी वाचता येते.

यात पुढे होते लोहार. त्यांची मंडळी आधी दुसऱ्याच कामासाठी जमली होती म्हणतात, पण कराची बातमी आली आणि बैठकीचा विषय बदलला. आसपासच्या खेड्यांतल्या लोहारांना बोलावणं गेलं. लोहार उठला की काय होतं, हे खेड्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही. दिवस रब्बीचे. नांगराचा फाळ, कुदळ, विळा, विहिरीवरच्या मोटेचं लोखंडी सामान यातलं काही मोडलं तर दुरुस्त कोण करणार? लोहाराचा घण थांबला की शेतकऱ्याचं काम अडतं. मग शेतकरीही विचारू लागतो की शहरात काय चाललंय. घरपट्टी शहराची होती, पण तिची झळ खेड्यापर्यंत लोहारांनी पोचवली. तीही एक दगड न उचलता.

लोहारांच्या पाठोपाठ मल्लाह आले. गंगेवर तेव्हा पूल नव्हता. नाव थांबली की पलीकडचा माल पलीकडे आणि अलीकडची माणसं अलीकडे. मॅजिस्ट्रेटला याचा इतका धाक वाटला की जमावात सामील होणाऱ्या नावाड्याची नाव जप्त होईल असं जाहीर करावं लागलं. नावाड्याला नावेशिवाय काय असतं? ही धमकी साधी नव्हती.

कहारांनी पालख्या उचलायचं सोडलं, हज्जामांनी वस्तरे ठेवून दिले, दर्ज्यांनी सुया. आणि एका पत्रात असं येतं की मृतांचे अंत्यविधी करणारी माणसंही कामावर नाहीत, त्यामुळे प्रेतं संस्काराशिवायच गंगेत सोडली जात आहेत. बनारससारख्या ठिकाणी, जिथे लोक मरायला म्हणून येऊन राहतात, तिथे ही गोष्ट किती जड असेल! ज्यांना एरवी कोणी शिवत नव्हतं, त्यांच्यावाचून शहराचं शेवटचं कामही होत नाही, हे त्या दिवसांत सगळ्यांना दिसलं.

बसायचं ठरवणं सोपं, बसून राहणं अवघड. रोज कमावून रोज खाणाऱ्या माणसानं आठवडा आठवडा मैदानात बसायचं तर त्याच्या चुलीचं काय? त्याचीही सोय केलेली दिसते. घरटी एक माणूस धरण्याला बसेल असं ठरलं. ज्यांना परवडतं त्यांनी वर्गणी द्यायची आणि त्यातून गरिबांचं जेवण, सरपण, तेल भागवायचं. जो मधूनच उठून कामावर जाईल त्याला बिरादरी जवळ करणार नाही. ही शेवटची अट मला आवडत नाही. बिरादरीच्या धाकानं माणसाला बांधून ठेवणं आजही आपल्याकडे चालतं आणि त्याचे चटके मी पाहिले आहेत. पण तेव्हा कामगार संघटना नव्हत्या. माणसांना एकत्र धरून ठेवणारी जी दोरी हाताशी होती, तीच त्यांनी वापरली.

अधिकाऱ्यांना सर्वांत जास्त कोड्यात टाकलं ते या माणसांच्या निःशस्त्र असण्यानं. एका पत्राचा आशय असा : हे लोक मारामारी करू पाहत नाहीत. उलट हातात काही नाही हीच आपली सुरक्षितता आहे असं ते मानतात. निरुपद्रवी माणसांवर फौज हत्यार चालवणार नाही असा त्यांना भरवसा आहे. म्हणून ते जमतात आणि वाढत जातात. मागच्या बाकावरच्या माझ्या विद्यार्थिनीचा प्रश्न होता ना, "न मारता, बसून?" त्याचं उत्तर एका इंग्रज अधिकाऱ्यानं १८११च्या आसपासच लिहून ठेवलं होतं.

ही माणसं नुसती बसली नव्हती, त्यांनी अर्जही केला. त्यातले मुद्दे वाचले की अडाणी जमावाचं चित्र पुसून जातं. पूर्वीच्या सुलतानांनी मालगुजारी घेतली ती जमिनीची. रयतेच्या राहत्या घरावर त्यांनी कधी हक्क सांगितला नाही. सारा थकला आणि जमीनदारी विकायची वेळ आली तरी मालकाचं राहतं घर विक्रीतून वगळलं जातं. मग घर ही सरकारची बाब कशी? पोलीस आणि पहाऱ्यासाठी पैसा हवा असेल तर मोहल्ल्यांच्या फाटकांचा खर्च, म्हणजे फाटकबंदी, लोक आधीच सोसतात. शिवाय स्टँपचा कर आहे, मालावर जकात आहे. त्या करांनीच लोक वाकले आहेत. आणि काशी हे तीर्थक्षेत्र आहे.

गंमत पाहा. एकाच अर्जात सुलतानांच्या वहिवाटीचा दाखला आहे आणि काशीच्या पावित्र्याचाही. शास्त्र आणि बादशाही वहिवाट एकमेकांच्या शेजारी बसली आहेत आणि कोणाला त्यात अवघडल्यासारखं झालेलं नाही.

मला ही गंमत इतकी का वाटते, ते सांगायला एक वर्ष मागे जावं लागेल.

ऑक्टोबर १८०९मध्ये याच बनारसमध्ये मोठा दंगा झाला होता. लाट भैरोच्या जागेवरून सुरुवात झाली. एका बाजूला जुलाहे, दुसऱ्या बाजूला राजपूत आणि गोसावी. दगडी लाट फुटली, मशिदींवर हल्ले झाले, माणसं मारली गेली. तेव्हाही मॅजिस्ट्रेट म्हणून बर्डच होते. हा दंगा इतिहासात चांगला नोंदला गेला. इतका की पुढच्या शंभर वर्षांत इंग्रजांच्या पुस्तकांत आणि गॅझेटियरांत तो पुन्हा पुन्हा येत राहिला आणि प्रत्येक वेळी मृतांचा आकडा फुगत गेला. हे ज्ञानेंद्र पांडे या इतिहासकारानं कागदपत्रं शेजारी शेजारी ठेवून दाखवून दिलं आहे. जुलाहा म्हणजे धर्मवेडा, भडकणारा, असा शिक्का त्याच लेखनातून पक्का झाला, हेही त्यांनीच मांडलं.

आता तारखा पाहा. ऑक्टोबर १८०९ला दंगा. डिसेंबर १८१०ला धरणं. मध्ये फक्त चौदा महिने. त्या चौदा महिन्यांत जखमा भरल्या असतील असं मी म्हणणार नाही. ज्याचा भाऊ मेला त्याचा भाऊ परत आला नव्हता. तरीही तेच शहर, तेच मॅजिस्ट्रेट आणि तेच जुलाहे लोहारांच्या, मल्लाहांच्या, कहारांच्या शेजारी येऊन बसले. प्रेम उतू चाललं म्हणून नव्हे. घर सगळ्यांना होतं आणि घरावर कर सगळ्यांना बसणार होता म्हणून. मला हे कारण पुरेसं वाटतं. एकत्र येण्यासाठी आधी एकमेकांवर प्रेमच करायला हवं अशी अट घातली, तर बहुतेक माणसं आयुष्यभर एकत्र येणार नाहीत.

आणि दुसरी बाजूही सांगायला हवी. सरकारला मदत करणारेही दोन्ही धर्मांचे होते. बनारसचे राजे उदितनारायण सिंह यांनी मध्यस्थी केली. शहरातल्या काही मानाच्या मुसलमानांनीही मॅजिस्ट्रेटची बाजू सांभाळली. म्हणजे त्या हिवाळ्यात बनारसमधली रेघ हिंदू आणि मुसलमान यांच्यामधून गेलेली नव्हती. ती हातानं काम करणाऱ्या आणि हुकमाच्या जवळ बसणाऱ्या माणसांच्या मधून गेली होती.

सरकारनं काय केलं? जानेवारी १८११मध्ये कलकत्त्याहून थोडी सूट आली : धार्मिक इमारती आणि अगदी गरिबांची घरं वगळायची. पण कर रद्द करायला सरकार तयार नव्हतं. आरडाओरडा करून काही मिळतं अशी लोकांना सवय लागू नये, असं धोरण होतं. फौज हाताशी ठेवली होती. लोकांनी कलकत्त्याला चालत जाऊन गव्हर्नर-जनरलपुढे गाऱ्हाणं मांडायचं ठरवलं. पण प्रत्यक्षात थोडेच निघाले आणि तेही परत फिरले. आठवडे गेले, थंडी होती, पैसा संपत आला. शेवटी राजा स्वतः लोकांपुढे आला, त्याच्या शब्दावर लोक घरी गेले आणि माफीच्या भाषेत अर्ज दिला गेला. मदत करणाऱ्यांना सरकारकडून मानाच्या खिलती मिळाल्या.

पाठ्यपुस्तकाच्या भाषेत याला 'आंदोलन चिरडले गेले' म्हणता येईल. पण घरपट्टी वसूल झाली नाही. पाटणा, मुर्शिदाबाद इथेही विरोध झाला. भागलपुरात तर १८११च्या ऑक्टोबरमध्ये कलेक्टरच्या गाडीवर विटा पडल्या. शेवटी सरकारनं हिशेब केला आणि १८१२ साली सातव्या कायद्यानं हा कर मागे घेतला. ज्या माणसांनी माफीचा अर्ज दिला होता, त्यांचं म्हणणं वर्षभरानं मान्य झालं. फक्त ते त्यांच्यामुळे मान्य झालं, असं कोणी त्यांच्या दारात येऊन सांगितलं नाही.

ही गोष्ट इथे गोड करून संपवता येते, पण ते खरं होणार नाही. थोड्याच वर्षांत चौकीदारी कराच्या नावानं तोच बोजा दुसऱ्या दारानं आला. १८१६मध्ये बरेलीत त्याला विरोध झाला. शहराचे वयोवृद्ध मुफ्ती मुहम्मद एवज लोकांच्या बाजूनं उभे राहिले. तिथे सुरुवात अर्ज आणि हरताळानंच झाली होती, पण कर वसूल करताना एक बाई जखमी झाली, झटापट झाली, शस्त्रं निघाली आणि कंपनीच्या फौजेशी झालेल्या लढाईत शेकडो लोक मेले. १८४४मध्ये आपल्या मुंबई इलाख्यात, सुरतेला, मिठावरचा कर मणामागे आठ आण्यांवरून एक रुपया झाला, तेव्हा शहर रस्त्यावर आलं आणि सरकारला वाढ कमी करावी लागली. दांडी सुरतेहून फार लांब नाही. १९३०मध्ये गांधीजी ज्या वाटेनं चालले, त्या मुलखाला मिठाच्या कराचा राग नवा नव्हता. आणि तो मिठाचा कर शेवटी उठला १९४७च्या एप्रिलमध्ये. हंगामी सरकारच्या ज्या अंदाजपत्रकानं तो रद्द केला, ते मांडलं होतं अर्थमंत्री लियाकत अली खान यांनी. या शेवटच्या वाक्यावर वर्गात हमखास कोणीतरी डोळे मोठे करतं.

आता या गोष्टीशी माझं काय नातं, तेही सांगून टाकते.

मी मोमीन घरातली. आमचे पूर्वज पूरबचे, म्हणजे आझमगढ-बनारसकडचे. १८५७च्या उठावानंतर आणि पुढच्या दुष्काळांत त्या भागातले विणकर मुंबई-आग्रा रस्त्यानं खाली उतरले. कोणी बुऱ्हाणपुरात थांबले, कोणी धुळ्यात, कोणी मालेगावात, कोणी थेट भिवंडीपर्यंत गेले. हातमाग बरोबर आला, बोली बरोबर आली. हातमाग जाऊन लूम आले, पण आमच्या घरात दादी शेवटपर्यंत पूरबीच बोलायची. अब्बा दोन पाळ्या लूमवर उभे राहायचे आणि मी शाळेतून आल्यावर कांड्या भरायची. बीएड करत असताना एका सहाध्यायानं हसत हसत मला विचारलं होतं, "तुम्ही जुलाहे ना? तुमच्यात पटकन डोकं फिरतं म्हणे." त्याला वाईट काही म्हणायचं नसावं. त्यानं ते कुठेतरी ऐकलं होतं. उर्दूतही जुलाह्याच्या मूर्खपणावर म्हणींचा तोटा नाही. मी तेव्हा गप्प बसले, कारण माझ्याकडे उत्तर नव्हतं. जुलाह्यांचा इतिहास म्हणजे दंगा आणि विनोद, एवढंच मलाही माहीत होतं.

माझे पूर्वज त्या मैदानात बसले होते असा दावा मी करत नाही. पण 'जुलाहे' हा शब्द कलेक्टरच्या त्या यादीत वाचला, लोहार आणि हज्जाम यांच्या मधोमध, तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसले. दंग्यातला जुलाहा शंभर वर्षं छापला गेला. धरण्यातला जुलाहा दप्तरातल्या पत्रांत पडून राहिला. दोन्ही खरे आहेत. मला दंगा लपवायचा नाही. माझी तक्रार एवढीच आहे की, एका वर्षाचं पान फाडून दर वेळी आमच्या हातात दिलं जातं आणि पुढच्या वर्षाचं पान कोणी उलटत नाही. यात आपलीही चूक आहे. आपण मुसलमान आपला इतिहास सांगायला बसलो की बादशहा सांगतो, नवाब सांगतो, फार तर एखादा मौलाना सांगतो. लोहार, मल्लाह, विणकर सांगत नाही. आपल्यापैकी बहुतेकांचे पणजोबा बादशहा नव्हते. हातानं काम करणारे होते.

वर्गात मी ही गोष्ट दोन तास सांगितली. फळ्यावर ती धंद्यांची यादी लिहिली आणि मुलांना म्हटलं, यातलं ज्याच्या घरात जे काम होतं किंवा आहे, त्यानं हात वर करावा. मिस्त्री होते, दर्जी होते, हज्जामाचा एक मुलगा होता, त्यानं आधी इकडेतिकडे पाहिलं आणि मग हात वर केला. लूमवाल्यांचे हात तर मोजता येईनात. मग मी गृहपाठ दिला : घरी जा, घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा की त्यांच्या लहानपणी सगळ्यांनी मिळून काम कधी बंद ठेवलं होतं, कशासाठी, आणि तेव्हा घरात काय शिजलं होतं.

दुसऱ्या दिवशी वह्या आल्या. सुताचा भाव वाढला तेव्हा लूम बंद ठेवलेले, विजेच्या दरासाठी बंद ठेवलेले, मजुरीसाठी बंद ठेवलेले. जेवणाच्या रकान्यात बऱ्याच वह्यांत एकच गोष्ट होती : शेजाऱ्यांकडून आलेली डाळ. प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलीनं आपल्या नानीचं सांगणं उर्दूत लिहून आणलं होतं आणि खाली मराठीत एक ओळ जोडली होती, "नानीला याआधी हे कोणी विचारलं नव्हतं."

या मार्चमध्ये आमच्या घराची घरपट्टी मी वेळेवर भरली. आता तो कर आपल्याच नगरपालिकेचा आहे, त्यातून रस्ते आणि दिवे यावेत अशी अपेक्षा आहे, आणि ते आले नाहीत तर विचारायचा हक्कही आहे. पावतीवर मालक म्हणून अजून अब्बांचं नाव आहे. व्यवसायाचा रकाना त्या पावतीवर नाही.